उष्टी भिंत

१

मारीझ रुकेतला माणसांच्या तोंडांची किळस यायची. चावणारी तोंडं, चोखणारी तोंडं, जेवण झाल्यावर दातांत अडकलेलं जिभेनं उकरत बसणारी तोंडं. आणि दैव असं, की पन्नाशी उलटेपर्यंत तिचं सगळं आयुष्य परक्या तोंडांना गाडीत भरून दरी दाखवण्यात गेलं होतं.

वसंत लागला की मॉन्तेग्रे स्टेशनाबाहेर तिची पांढरी गाडी उभी राही. आधी ब्रेसोलचा पडका किल्ला आणि त्याखालचा बाजाराचा लाकडी मांडव. मग व्हेरोल नदीचा उगम, जिथे कड्याच्या पोटातून नदी तयारच बाहेर येते, निळीशार, जराही आवाज न करता. त्याच्या खाली चुनखडीचा धबधबा. त्याच्या पाण्यात पान पडलं तरी वर्षाभरात दगड होऊन बसतं. आणि जेवायला रोक्साल.

रोक्साल कड्याला पाठ लावून बसलेलं गाव. तिथल्या घरांच्या तीन भिंती माणसांच्या, चौथी डोंगराची. "सातशे वर्षांपूर्वीचे लोक आळशी होते हो," मारीझ म्हणायची, "चौथी भिंत कोण बांधत बसणार?" पाहुणे हसायचे. ती नाही हसायची. तिला तोवर नादेजच्या स्वयंपाकघरातल्या कांद्याचा वास आलेला असे.

नादेज तिची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा नादेज शाळेत होती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिच्या नवऱ्याला घराबाहेर काढण्यापर्यंत सगळं मारीझनंच निस्तरलं होतं. आता नादेज रोक्सालमध्ये खानावळ चालवायची. लांबट, थंड खोली, चार मेजं, आणि मागची भिंत म्हणजे उघडा कडा.

मे महिन्यातल्या त्या दुपारी पाहुणे बदकाची तंगडी सोलत बसले होते. मारीझ पाण्याचा जग घ्यायला मागच्या मेजाकडे गेली आणि तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. कड्याच्या करड्या दगडात एक खळगा होता. उथळ वाटीएवढा. बरोबर तिच्या हनुवटीच्या उंचीवर. भोवतीचा दगड खडबडीत, कोरडा. खळगा मात्र गुळगुळीत आणि ओला, तुकतुकीत.

"हे काय गं, नादेज?"

"काय काय?"

"हा खड्डा. मागच्या खेपेला नव्हता."

"असेल की. तुझं लक्ष कुठे असतं?" नादेज पाव कापत होती. तिनं वर पाहिलं नाही. "डोंगर आहे ताई. पाझरायचाच."

मारीझनं खळग्याला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. पाझर थंड असतो. हे कोमट होतं. बोटाबरोबर एक बारीक तार ओढली गेली, लांब झाली, मध्ये लोंबली आणि तुटली. तिनं बोट नाकाशी नेलं. आजारी माणसाच्या उशीला येतो तसला वास.

तिनं स्वयंपाकघरात जाऊन हात आधी साबणानं, मग व्हिनेगरनं धुतले. पुढ्यात आलेलं सूप तिनं तसंच सोडलं.

२

मारीझ बावळट बाई नव्हती. गाडी चालवता चालवता तिनं उत्तर शोधून काढलं. मेंढ्या. लहानपणी आजोळच्या गोठ्यात मेंढ्या भिंत चाटायच्या, दगडातल्या खारासाठी. चाटून चाटून दगडाला बशीसारखे खड्डे पडायचे. झालं तर मग. डोंगर तोच, खार तोच.

पण खानावळीच्या आत मेंढी कुठून येणार?

"हिवाळ्यात खोली बंद असते," तिनं स्वतःला समजावलं. "कुणाची तरी शिरली असेल." आणि या उत्तरावर तिनं पुढचा आठवडा काढला.

मग चर्चच्या खालच्या बोळात तिला तसेच आणखी खळगे दिसले. तो बोळ वरून बंद, एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला कडा. अख्ख्या कड्याला खळगे पडले होते. काही तिच्या तोंडाच्या उंचीवर, काही त्याहून वर, काही गुडघ्याशी. सगळे ओले. काहींच्या खालून ओघळ आले होते आणि वाळून पांढरे झाले होते, लहान मुलाच्या गालावर वाळतात तसे.

"हे कशानं झालं?" एका पाहुणीनं विचारलं.

"पावसानं," मारीझ म्हणाली.

बाईनं वरच्या छताकडे पाहिलं, मग मारीझकडे. सुटीवर आलेली माणसं वाद घालत नाहीत.

मारीझ बोळातून बाहेर पडली ती अंग चोरून, भिंतीला कोपर लागू नये म्हणून. बाहेर ऊन होतं, भिंतीवर पाली शेकत होत्या, चौकात कुणीतरी गुलाबांना पाणी घालत होतं. इतकं नीटनेटकं गाव, आणि तिला मात्र कुणीतरी चाटून परत ठेवलेल्या ताटात उभं असल्यासारखं वाटत होतं.

३

जूनमध्ये लिआँचं एक जोडपं आलं. आन्री तेस्तू आणि त्याची बायको कोलेत. तेस्तू औषधांचं दुकान विकून मोकळा झालेला, पोट सुटलेला, दर दोन वाक्यांनी एक विनोद करणारा. गाडीतल्या सगळ्यांना तो आवडला. मारीझलासुद्धा, कारण तो तोंड मिटून खायचा.

त्या दिवशी खानावळीत कोपऱ्यातल्या मेजावर बाप्तिस्त म्हातारा जेवत होता. गावातलं रोजचं गिऱ्हाईक. त्यानं सूप संपवलं, तळाशी राहिलेल्या घोटात लाल वाइन ओतली आणि थाळी उचलून तोंडाला लावली. पाहुण्यांना फार मजा वाटली. त्यांनी फोटो काढले. म्हातारा मिशा पुसून उठला, टोपी काढून खिशात ठेवली, आणि मागच्या भिंतीपाशी गेला.

त्यानं दोन्ही तळवे दगडाला टेकले, मान जराशी तिरकी केली, आणि भिंत चाटायला लागला.

घाई अजिबात नव्हती. खालून वर एक लांब फटकारा. जीभ आत. घोट. परत खालून वर. हनुवटीवरून लाळ सदऱ्यावर ठिबकत होती. नादेज थाळ्यांचा ढीग घेऊन त्याच्या मागून गेली. "जरा सरा की, काका," ती म्हणाली, आणि तो भिंतीवरचं तोंड न काढता सरकला.

खोलीत काटे थांबले. सगळ्यांनी मारीझकडे पाहिलं. कोलेतनं हळूच विचारलं, "ही... इथली काही रीत आहे का हो?"

मारीझनं भिंतीकडून तोंड फिरवलं. पण इतकी वर्षं लोकांना उत्तरं द्यायची सवय. शब्द आपोआप बाहेर पडले. "हो. जुनी रीत आहे. डोंगराचे आभार मानतात."

"अरे वा!" तेस्तू खुर्ची सरकवून उठला. "आपण फुकटे नाही बरं का. आपणही मानू. कोलेत, काढ फोटो!"

"आन्री, घाण असेल ते."

"तुझ्या आईच्या हातचं जेवलोय गं मी तीस वर्षं. हे काय करणार मला?"

सगळे हसले. तो म्हाताऱ्याच्या शेजारी उभा राहिला, कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला, जीभ लांब बाहेर काढली आणि भिंतीला लावली. फोटो निघाला. त्यानं पुन्हा चाटलं. आणखी हशा. त्यानं पुन्हा चाटलं.

"झालं ना, ये आता," कोलेत म्हणाली.

त्याचे खांदे सैल पडले होते. हात वर गेले आणि तळवे दगडावर टेकले. आता दोन जिभांचा आवाज येत होता, आणि दोन्ही एका तालात. हसणारे हळूहळू हसायचे थांबले. शेवटी कोलेतनं त्याचा पट्टा धरून त्याला मागं ओढलं. त्याचा खालचा ओठ सोलून निघाला होता.

"कशी लागते?" कुणीतरी उगाच विचारलं.

तेस्तूनं सोललेल्या ओठावरून जीभ फिरवली. "अजून कळलं नाही," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर त्यानं एकही विनोद केला नाही. मारीझनं आरशातून पाहिलं, तर तो खिडकीच्या काचेला तोंड लावून बसला होता. काचेवर ओला पट्टा होता. कोलेत दुसरीकडे बघत होती, नवऱ्याला परक्यांत शिंक आल्यावर बायका बघतात तशी.

सगळ्यांना स्टेशनावर उतरवून मारीझनं ती काच व्हिनेगरनं पुसली. फडकं फेकलं, दुसरं घेतलं, तेही फेकलं. मग गाडीच्या मागं जाऊन रस्त्याकडेच्या गवतात ओकली.

४

दुसऱ्या दिवशी खानावळ बंद होती. मारीझ एकटीच गेली.

दार ढकललं तर नादेज भिंतीपाशी उंच खुर्ची घेऊन बसली होती. खुर्चीवर उशी होती. भिंतीवर, कपाळ जिथं टेकतं तिथं, घडी घातलेला टॉवेल खिळ्यानं लावला होता. या सगळ्यात मारीझला त्या टॉवेलचीच सगळ्यात जास्त शिसारी आली. सोय करून घेतली होती पोरीनं.

"जीभ दाखव," मारीझ म्हणाली.

"ताई..."

"दाखव म्हणते ना."

नादेजनं लहानपणी दाखवायची तशी जीभ बाहेर काढली. ती करडी पडली होती, खरखरीत, मधोमध चिरलेली, आणि चिरांत पांढरी भुकटी बसली होती. पुढचे दात झिजून तिरपे झाले होते. तिच्या श्वासाला तोच वास होता, उशीचा.

"दुखत नाही?"

"आधी दुखायचं."

"का करतेस गं हे?"

"तू हसशील."

"मी हसायच्या बेतात दिसते का तुला?"

नादेजनं मांडीवर ठेवलेल्या हातांकडे पाहिलं. ती शरमली होती, पण पकडल्या गेलेल्या माणसासारखी नाही. नवा मित्र आहे हे घरी सांगताना पोरी शरमतात तशी. "ते एकटीनं होत नाही, ताई. म्हणजे आपण इकडून करतो ना, तसं तिकडूनही होतं. मी थांबले की तिकडेही थांबतं. वाट बघतं. मग मलाच वाईट वाटतं."

"कोण वाट बघतं?"

"ते मला कसं ठाऊक असणार?" नादेजला तो प्रश्नच वेडगळ वाटला. "मध्ये भिंत आहे ना अजून."

त्या 'अजून'सरशी मारीझनं खळग्याकडे पाहिलं. खळगा आता वाटीएवढा राहिला नव्हता. कोपरापर्यंत हात जाईल इतका आत गेला होता. त्याच्या तळाचा दगड इतर दगडासारखा दिसत नव्हता. उजेडासमोर धरलेल्या नखासारखा दिसत होता.

"ऐक हवं तर," नादेज म्हणाली.

मारीझनं कान लावला तो काहीच ऐकू येणार नाही या खात्रीनं. म्हणजे मग बहिणीला झापता आलं असतं. आधी आपल्याच रक्ताचा ठोका ऐकू आला. मग, दगडाच्या आत, कुठेतरी खाली डावीकडे: लप. लप. लप. कुत्रं पाणी पितं तसं, पण सावकाश, आणि जिभेला फार रुंदी असावी तसं.

मग ते थांबलं.

मारीझनं श्वास रोखला. आणि ते पुन्हा सुरू झालं, बरोबर तिच्या कानामागं.

ती खुर्ची उलथवून मागं सरली. हात गालावर गेला. गाल ओला होता.

"बघ," नादेज हळुवारपणे म्हणाली, "तुलाही ओळखलं त्यानं."

५

मारीझनं तिला त्याच पावली गाडीत घातलं आणि मॉन्तेग्रेला आपल्या घरी आणलं. नादेज भांडली नाही. डॉक्टरीणबाई तरुण, हसऱ्या होत्या. त्यांनी जीभ पाहिली, रक्त तपासायला पाठवलं, आणि म्हणाल्या, "अंगात लोह कमी झालं की होतं असं. कुणी माती खातं, कुणी खडू. घाबरण्यासारखं काही नाही." मारीझला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. लोह! किती साधा, शहाणा शब्द. आणि भिंतीतला आवाज? पाणी. डोंगराच्या पोटात नदी आहे, हे तर ती स्वतःच रोज लोकांना सांगत आली होती.

गोळ्या सुरू झाल्या. नादेज मारीझच्या हातचं ऑम्लेट खायची, खिडकीत बसून रस्ता बघायची. एकदा मारीझला न्हाणीघरातल्या फरशीवर ओला पट्टा दिसला. तिनं बहिणीकडे पाहिलं.

"चाटून बघितली," नादेज कबूल झाली. "काही अर्थ नाही. या भिंतीमागं कुणी नाही गं. शेजारणीचा टीव्ही आहे नुसता."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि एकदम फसकन हसल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या. नादेजला तर हसता हसता जीभ झोंबली आणि डोळ्यांत पाणी आलं. ही पोर वाचेल, असं मारीझला त्या क्षणी वाटलं.

त्याच आठवड्यात कोलेत तेस्तूचा फोन आला.

"आन्री तुमच्याकडे आलाय का? त्या गावात घर भाड्यानं घेतलंय म्हणतो. फोनवर नीट बोलतही नाही हो. तोंडात काहीतरी असल्यासारखं बोलतो. मागं कडा आहे म्हणाला घराला. एवढंच दोनदा सांगितलं."

फोन ठेवून मारीझ नादेजच्या खोलीत गेली. पांघरुणाची घडी घातलेली होती. गोळ्यांची बाटली उशीवर. सकाळची बस निघून गेलेली.

६

मारीझनं वाटेत दुकानातून लवकर घट्ट होणारं सिमेंट घेतलं, बादली घेतली, थापी घेतली. हसू येण्यासारखी गोष्ट. पण तिला दुसरं काही सुचलं नाही. भोक पडत असेल तर ते बुजवायचं, यात अक्कल लागत नाही.

रोक्सालला पोचली तेव्हा भर दुपार होती. उकाड्यानं सगळी दारं सताड उघडी. चौकात चिटपाखरू नव्हतं. गुलाब सुकून गेले होते. आधी तिला वाटलं गाव जेवतंय, कारण आवाज तसाच होता. मग तिनं पहिल्या दारातून आत पाहिलं.

पाठ. शिजत घातलेल्या भांड्याकडे दुर्लक्ष करून एक बाई मागच्या भिंतीला चिकटून उभी होती. पुढच्या दारात दोन पाठी, नवराबायकोच्या. त्याच्या पुढं बाप्तिस्त, गुडघ्यांवर. प्रत्येक दारातून तोच आवाज, एकाच तालात, जणू सगळ्या गावाला एकच जीभ होती. मारीझनं तोंडावर रुमाल धरला. बोळाच्या तोंडाशी तेस्तू होता. अर्धी चड्डी, एका पायात बूट. चाटता चाटता त्याची हनुवटी सोलवटून लाल झाली होती आणि तिच्यावर माशा बसल्या होत्या. तो माशांना हाकलत नव्हता.

"तेस्तूसाहेब, कोलेतचा फोन आला होता."

त्याचा एक डोळा तिच्याकडे वळला, आणि परत दगडाकडे गेला.

खानावळीत नादेज खुर्चीवर नव्हती. खळग्यात डोकं घालून उभी होती, खांद्यापर्यंत आत. मारीझनं तिच्या कमरेला मिठी घातली आणि ओढलं. डोकं जेमतेम वीतभर बाहेर आलं आणि अडकलं. तेव्हा मारीझला दिसलं. खळग्याच्या तळाला भोक पडलं होतं. मोठ्या बटणाएवढं. नादेजची जीभ त्या भोकात होती, आणि बाहेर येत नव्हती.

नादेज स्वतःच मागं यायला बघत होती. दोन्ही हातांनी भिंत ढकलत होती. डोळे मारीझकडे वळलेले, घशातून नुसते हुंकार. तिला हे नको होतं. एवढं कळलं आणि मारीझच्या अंगात कुठून बळ आलं देव जाणे. तिनं एक पाय भिंतीला लावला आणि सगळ्या वजनानिशी मागं पडली.

ओल्या शिंपल्यातून मांस उचकटावं तसा आवाज झाला. दोघी फरशीवर आपटल्या. नादेजच्या तोंडातून रक्त आलं आणि ती रडायला लागली, लहान मुलासारखी भोकाड पसरून, आणि ते रडणं ऐकून मारीझला बरं वाटलं.

बाहेर गावभरचा आवाज थांबला होता.

मारीझनं बादलीतलं सिमेंट कालवलं. घाईत पाणी जास्त पडलं. थापी कुठे गेली कळेना. तिनं ओंजळ भरली आणि खळग्याकडे वळली.

भोकात काळोख होता. मग तो काळोख पुढं सरकला आणि तोंडाशी येऊन ओला चमकला. फिकट. मऊ. तिला आधी जीभच वाटली. पण त्याला कडा नव्हत्या, टोक नव्हतं. ते भोकातून फुगून बाहेर आलं, भिजल्या कणकेसारखं, आणि खळग्याच्या आतल्या दगडावरून चाचपत पसरलं. जिथं नादेजचं रक्त लागलं होतं तिथं थांबलं. तेवढंच, नेमकं, पुसून घेतलं. त्याच्या ओल्या सालीखाली काहीतरी हललं. खोल पाण्यात झोपलेलं जनावर कूस बदलतं तसं. मारीझनं डोळे मिटले. पुढं तिला कितीदा तरी वाटलं, आपण आणखी थोडं बघायला हवं होतं. आणि प्रत्येक वेळी आपण बघितलं नाही म्हणून तिनं देवाचे आभार मानले.

डोळे मिटूनच तिनं ओंजळ भोकावर दाबली आणि उजवा तळवा वर टेकवून धरून ठेवला.

सिमेंट थंड होतं. मग कोमट झालं. पलीकडून ते सिमेंट चाटत होतं. ओलं होतं ते अजून, घट्ट व्हायचं होतं. एकेक फटकारा जवळ येत होता. तिला तो तळव्यावर जाणवला. खरखरीत नव्हता, उलट मखमली होता, आणि ओकारीहून वाईट गोष्ट ही, की दुखत नव्हतं. हात काढावासा वाटत नव्हता. कुणीतरी फार दिवसांनी हात हातात घेतल्यासारखं वाटत होतं. ती मोठ्यानं ओरडत राहिली, आपलं नाव, बहिणीचं नाव, गाडीचा नंबर, काय सुचेल ते, केवळ आपला आवाज ऐकू यावा म्हणून. हळूहळू सिमेंट आवळलं. फटकारे दूर गेले. थांबले.

बाहेर गाव पुन्हा सुरू झालं.

हात सोडवताना सिमेंटनं थोडी कातडी ओढली. मारीझनं तळवा उजेडात धरला. रक्त नव्हतं. तळव्यावर एकही रेघ उरली नव्हती. आयुष्याची, नशिबाची, कामानं पडलेल्या घट्ट्यांची, कसलीच. धुतलेल्या बशीसारखा लख्ख पांढरा तळवा.

७

दोघी दरी सोडून समुद्राकडच्या सपाट मुलखात राहायला गेल्या. तिथं टेकाड म्हणावं असं काही नाही. मिठागरं, वाळू, आणि वाऱ्यानं वाकलेली झाडं. नादेजच्या जिभेला टाके पडले. ती आता बोबडं बोलते आणि त्यावरून स्वतःच विनोद करते. फुलांच्या दुकानात कामाला जाते. झिजलेल्या दातांवर टोप्या बसवून घेतल्या. भिंतीकडे ती पाहतही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते खरं असावं, लोहच कमी पडलं असावं, असं ती सांगते, आणि मारीझ मान डोलावते.

कोलेतचा एकदा फोन आला. ती आन्रीला आणायला रोक्सालला गेली होती. "मीही थोडे दिवस राहीन म्हणते इथे," ती म्हणाली. "हवा चांगली आहे." तिचे शब्द जाड झाले होते, ओठांच्या मागं घुटमळत होते. मारीझनं फोन ठेवला आणि पुन्हा कधी त्या नंबरवरून आलेला फोन उचलला नाही. त्या गावात आजही लोक जातात. दरी सुंदरच आहे. कुणाला सांगावं, आणि काय म्हणून सांगावं?

ऑगस्टमधली दुपार. नादेज दुकानात होती. मारीझ ओट्यापाशी पीच कापत होती. फळ पिकलेलं, रस मनगटापर्यंत ओघळला. तिनं सुरी ठेवली आणि तळवा तोंडाशी नेऊन रस चाटला. कुणीही चाटेल तसा.

रस संपला. तिनं पुन्हा चाटलं. चव अशी काही नव्हती. पण आणखी थोडं चाटलं तर कळेल, असं वाटलं.

ती दचकून थांबली. "शी! मारीझ!" ती मोठ्यानं म्हणाली. नळ सोडला, साबण घेतला, मग व्हिनेगरची बाटली अख्खी हातावर ओतली. कोरड्या पंच्यानं तळवा खसाखसा पुसला. पीच होतं ते. नुसतं पीच. दमलेल्या बाईचा हात आणि पिकलेलं फळ. तिनं खिडकीपाशी जाऊन तळवा उन्हात धरला, खात्री करून घ्यायला. पांढरा, गुळगुळीत, कोरडा.

ती बघत असतानाच मनगटाशी कातडी जराशी वर उचलली गेली. मग तो उंचवटा तळव्यातून बोटांकडे सरकत गेला, सावकाश, खालून वर, एक लांब फटकारा, आणि त्याच्या मागं कातडीवर ओला पट्टा उमटला.

दारात किल्ली फिरली.

"ताई? काय गं, उन्हात काय करतेस?" नादेजनं फुलांच्या उरलेल्या काड्या मेजावर ठेवल्या.

मारीझनं मूठ आवळली. "काही नाही," ती म्हणाली. "पीच खाणार का?"

"दे की."

डाव्या हातानं तिनं फोड पुढं केली. उजवी मूठ तिनं पाठीमागं धरली होती, आणि ती आतून ओली होत चालली होती.